ईस्टरच्या आठवड्यात इटली: आधी वार ठरवा, मग शहरं

इटलीत गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी नसते. आपल्याकडे त्या दिवशी बँका बंद, ऑफिसं बंद, वसईत आणि गोव्यात लोक दिवसभर चर्चमध्ये, आणि पोप ज्या शहरात राहतात तिथे मात्र दुकानं, पोस्ट, बँका सगळं चालू. सुट्टी असते ती ईस्टरच्या रविवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी सोमवारी. एवढी एक गोष्ट माहीत नसली की प्लॅन उलटासुलटा होतो, म्हणजे शुक्रवारी सगळं बंद असणार म्हणून हॉटेलात आराम करायचा आणि सोमवारी सकाळी व्हॅटिकन म्युझियमच्या दारात जाऊन उभं राहायचं, जे त्या दिवशी बंदच असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की या आठवड्यात इटलीला जात असाल तर रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस अशी शहरांची यादी बाजूला ठेवा आणि आधी वार मांडा. येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट तिथे एकेका वाराला, रस्त्यावर, ठरलेल्या वेळी घडत असते, आणि प्रत्येक वाराचे नियम वेगळे. गुरुवारी संध्याकाळी जे दिसतं ते शुक्रवारी दिसत नाही, रविवारी जे फ्लोरेन्समध्ये होतं ते रोममध्ये होत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बुकिंग आपोआप नीट होतं.

आता आधी तारीख, कारण ती दरवर्षी बदलते. नियम साधा आहे: २१ मार्च किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर त्याच्या पुढचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मधल्या कुठल्याही रविवारी येऊ शकतो. चर्च ही पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाही, जुन्या ठरलेल्या कोष्टकांवरून काढतं, म्हणून कधीतरी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण आपल्याला अंदाज बांधायला आपलं पंचांगही चालतं. बहुतेक वर्षी ईस्टर हा होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार निघतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये मात्र ईस्टर होळीला चिकटून, २८ मार्चलाच येतो, आणि २०२८ मध्ये १६ एप्रिल.

२०२७ ला जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि त्या वर्षी तो रविवार म्हणजेच ईस्टर, म्हणजे शनिवारी रात्री झोपलात की एक तास गेला, आणि सकाळी पियाझ्झात, म्हणजे चौकात, जागा धरायला जायचं असेल तर गजर नीट बघून लावा. मार्चअखेरचं रोम आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातलं रोम यात हवेचाही चांगलाच फरक असतो. मार्चमध्ये संध्याकाळी जॅकेट लागतंच, आणि छत्री दोन्ही वेळेला लागते. ईस्टर उशिरा आला तर पुढे २५ एप्रिल, म्हणजे इटलीचा मुक्तिदिन, आणि १ मे असे दोन सुट्टीचे दिवस जवळ येतात, मग इटालियन लोक मधले दिवस रजा टाकून लांब सुट्टी काढतात आणि ट्रेन, हॉटेलं सगळं भरतं.

व्हिसाचं एका दमात सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो, फी जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आहे. पण पंधरा दिवस हा कागदावरचा आकडा, आपल्याकडे त्याच सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीवाल्यांची गर्दी सुरू होते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच हालचाल करा.

आता सगळ्यात गोंधळाची गोष्ट, काय उघडं आणि काय बंद. याचं एक सरसकट उत्तर कुणीच देऊ शकत नाही कारण इटलीत बघायच्या जागांचे मालक वेगवेगळे आहेत. कोलोसियम, पोम्पेई, फ्लोरेन्समधलं उफिझ्झी हे चित्रसंग्रहालय, हे इटली सरकारचं. रोमचं कॅपिटोलाइन म्युझियम महापालिकेचं. चर्चेस आणि कॅथेड्रल चर्चच्या ताब्यात. आणि व्हॅटिकन म्युझियम तर वेगळ्या देशात आहे, अक्षरशः, त्या देशाची स्वतःची सुट्ट्यांची यादी आहे. त्यामुळे एकाच सोमवारी कोलोसियम उघडं आणि तिथून चार-पाच किलोमीटरवर सिस्टिन चॅपेल बंद असं होतं. सिस्टिन चॅपेल म्युझियमच्या आतच आहे, वेगळं दार नाही.

व्हॅटिकन म्युझियम एरवीही रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतं, पण तो रविवार ईस्टरचा असेल तर तेही नाही. म्हणजे रविवार-सोमवार दोन दिवस पूर्ण गेले असं धरा. सरकारी म्युझियमांचा नियम उलटा, ती महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. उफिझ्झी आणि फ्लोरेन्सचं अकादेमिया, जिथे मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे, हे सोमवारी बंद असतात पण ईस्टरच्या सोमवारी पुष्कळदा खास उघडतात, ते त्या त्या वर्षी त्यांच्या साइटवर जाहीर होतं, अंदाजाने जाऊ नका. कोलोसियमचं तिकीट साधारण महिनाभर आधी विक्रीला येतं, तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि या आठवड्याची तिकिटं फार लवकर संपतात.

कॅथेड्रलचं वेगळं. ते बंद नसतं, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असताना बघायला आलेल्यांना आत फिरता येत नाही. आणि खरंच, त्या आठवड्यात तरी तिथे प्रार्थनेला आलेल्यांचा हक्क पहिला. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक पातळ ओढणी बॅगेत ठेवली की काम होतं.

आठवडा सुरू होतो झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी. आपल्याकडे माडाच्या झावळ्या असतात, तिकडे बहुतेक गावांत लोकांच्या हातात ऑलिव्हच्या फांद्या असतात कारण झाड तेच भरपूर. रोममध्ये सेंट पीटर्सच्या चौकात पोपची मिस्सा होते. पोपच्या मिस्सांना पास लागतो, तो पूर्णपणे मोफत असतो, व्हॅटिकनकडे आधी मागणी नोंदवायची. कुणी पैसे मागितले तर तिथून निघायचं. सोमवार ते बुधवार हे दिवस त्या मानाने मोकळे, म्युझियमं बघून घ्यायची ती याच तीन दिवसांत, मी तर म्हणेन रोम आणि व्हॅटिकन इथेच संपवा.

गुरुवार हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात सुंदर दिवस आहे. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन केलं ती ही रात्र. संध्याकाळच्या मिस्सेनंतर मुख्य वेदीवरचं सगळं काढून घेतात, कापडसुद्धा, आणि बाजूच्या एका वेदीवर फुलं, मेणबत्त्या लावून आरास करतात. तिथे लोक रात्री उशिरापर्यंत येऊन बसतात. दक्षिणेत या आरासीत एक वस्तू हमखास दिसते, अंधारात उगवलेले गहू, लांब, पिवळट पांढरी पाती, कुंडीत लाल रिबीन बांधून ठेवलेली. नवरात्रात घटाभोवती उगवलेलं धान ज्यांनी पाहिलंय त्यांना ते बघून क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. एका संध्याकाळी सात चर्चेसना जाऊन यायची प्रथा आहे, त्यामुळे नेपल्समध्ये त्या रात्री विया तोलेदो हा रस्ता माणसांनी फुलून जातो, नवे कपडे घालून अख्खी घरं हळूहळू चालत असतात. पर्यटक म्हणून यात सामील व्हायला काही लागत नाही, तिकीट नाही, बुकिंग नाही, फक्त जुन्या शहरात राहायचं आणि लोक जातात तिकडे जायचं.

त्याच दिवशी तुम्ही मिलानमध्ये असाल तर लिओनार्दो दा विंचीचं ‘शेवटचं भोजन’ हे चित्र बघण्यासारखा दुसरा दिवस नाही. ते सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर आहे, साधारण १४९५ ते १४९८ मध्ये काढलेलं. तिथे पंधरा मिनिटंच का थांबू देतात, तेही मोजक्या लोकांना, याचं कारण असं की लिओनार्दोने ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची नेहमीची पद्धत वापरली नाही, कोरड्या भिंतीवर रंग लावले, ते भिंतीत मुरलेच नाहीत आणि त्याच्या हयातीतच पोपडे निघायला लागले. १९४३ मध्ये बॉम्ब पडून जेवणघराचं छत आणि एक भिंत कोसळली, ही भिंत वाळूच्या पोत्यांमागे टिकली. आज आपल्या श्वासातल्या दमटपणानेही तिचं नुकसान होतं, म्हणून स्लॉट. तिकीट काही महिने आधी बघावं लागतं आणि सोमवारी ते बंद असतं.

गुरुवारच्या मिस्सेत शेवटची घंटा वाजते आणि मग शनिवारी रात्रीपर्यंत चर्चच्या घंटा वाजत नाहीत. इटालियन शहरात दर थोड्या वेळाने घंटा ऐकायची सवय झालेली असते, ती थांबल्यावर जे वाटतं ते सांगणं कठीण आहे. अनेक गावांत घंटेऐवजी लाकडी फळ्या, खुळखुळे वाजवतात.

शुक्रवारी दोन रस्ते आहेत. एक, रोम. रात्री साधारण सव्वानऊला कोलोसियमजवळ क्रुसाची वाट होते, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना, चौदा टप्पे, मशालींचा उजेड, आणि प्रत्येक टप्प्यावर वाचन. अठराव्या शतकात पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी कोलोसियममध्ये ही प्रार्थना सुरू केली, मधे ती बंद पडली आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी पुन्हा सुरू केली, आता ती टीव्हीवरून जगभर दिसते. तिकीट नसतं, पण कोलोसियम त्या दिवशी लवकर बंद होतं, जवळचं मेट्रो स्टेशनही सुरक्षेसाठी बऱ्याचदा बंद ठेवतात, तेव्हा संध्याकाळी सहा-सातच्या आत चालत पोचा आणि परतताना चालायची तयारी ठेवा.

दुसरा रस्ता दक्षिणेचा, आणि निवड करायची झाली तर मी हाच सांगेन. सिसिलीच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचं बंदर आहे, तिथे शुक्रवारी दुपारी दोनला मिरवणूक निघते आणि शनिवारी दुपारी, म्हणजे जवळजवळ चोवीस तासांनी, चर्चमध्ये परत येते. वीस मोठे देखावे, लाकूड, कापड आणि सरसाने घडवलेले, सतराव्या-अठराव्या शतकातले, प्रत्येक देखावा एकेका व्यवसायाच्या लोकांकडे, कोळ्यांचा वेगळा, मिठागरवाल्यांचा वेगळा, बेकरीवाल्यांचा वेगळा, आणि तो पिढ्यान्पिढ्या त्यांनीच खांद्यावर घ्यायचा. लाकडी टिपरीचा आवाज झाला की उचलायचं, पुन्हा झाला की थांबायचं, आणि चालताना बँडच्या तालावर सगळा देखावा झुलवत न्यायचा. रात्री दोन-तीन वाजता गल्लीतून ते जड ओझं झुलत येतं, खालच्या माणसांचे खांदे सुजलेले असतात, आणि बाल्कनीतली म्हातारी माणसं उभी राहून बघत असतात. पुलिया भागातल्या तारांतोतही असंच, तिथे पांढरा झगा आणि तोंडावर बुरखा घातलेले लोक जोडीजोडीने अनवाणी चालतात, इतकं हळू की वीस पावलांना किती वेळ लागतो ते बघत बसावं. ते बुरखे बघून काही लोकांना अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची आठवण येते, पण याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. ही प्रथा कितीतरी जुनी आहे आणि तोंड झाकायचं कारण एवढंच की प्रायश्चित्त करणारा कोण हे कुणाला कळू नये.

या मिरवणुकांत फोटो काढायला कुणी अडवत नाही पण फ्लॅश मारू नका आणि ओळीच्या मधे घुसू नका. तो त्यांच्या घरातला दुःखाचा दिवस आहे.

शुक्रवारी मांस खात नाहीत, मासे खातात, त्यामुळे आपल्यातल्या शाकाहारी लोकांनी ‘मांस नाही’ म्हणजे शाकाहारी असं समजू नये, वेगळं विचारावं. ईस्टरच्या पदार्थांतही तेच. नेपल्सचा कासातिएल्लो दिसायला साधा पाव, पण आत डुकराची चरबी आणि सलामी असते. पास्तिएरा हा गोड पदार्थ रिकोट्टा चीज, शिजवलेले गहू आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा, वास असा की दुकानासमोरून पाय हलत नाही, पण त्यात अंडी असतात आणि कवचात पारंपरिक पद्धतीने चरबीही घालतात. तो गुरुवारी-शुक्रवारी करून ठेवतात आणि रविवारी खातात, मुरल्यावर चव येते. कोलोंबा हा कबुतराच्या आकाराचा केक सगळ्या सुपरमार्केटमध्ये मिळतो, वर बदाम आणि साखर, अंडी चालत असतील तर तो घ्याच.

शनिवारी दुकानं, म्युझियमं चालू असतात. पाणी, फळं, पाव, मुलांचं काय लागेल ते आजच घेऊन ठेवा कारण रविवारी बरीच सुपरमार्केटं बंद किंवा अर्धा दिवसच असतात. रविवारच्या जेवणाचं टेबलही आजपर्यंत बुक झालेलं हवं, कारण हॉटेलं त्या दिवशी ठरावीक मेनू लावतात, कोकराचं मांस त्यात असतंच, आणि घरंच्या घरं जेवायला येतात. रात्री उशिरा जागरणाची मिस्सा असते, चर्च पूर्ण अंधारात, बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या, आणि मग दोन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम वाजायला लागतात.

रविवारी सकाळी रोममध्ये चौकातली मिस्सा आणि बारा वाजता सेंट पीटर्सच्या मधल्या सज्जातून पोपचा शहराला आणि जगाला आशीर्वाद. मिस्सेला पास हवा, आशीर्वादाला नको, फक्त सुरक्षा तपासणीची रांग मोठी असते. याच सज्जात २०२५ च्या ईस्टरला पोप फ्रान्सिस आजारी असतानाही आले होते आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले, तेव्हापासून ती जागा पुष्कळ लोक वेगळ्या नजरेने बघतात.

पण रविवारी मी फ्लोरेन्सला असा असं म्हणेन. तिथे पांढरे बैल, शिंगांना-गळ्यात फुलं घातलेले, दोनतीन मजली उंच रंगीत गाडा ओढत कॅथेड्रलसमोर आणतात, पुढे ढोल आणि झेंडे उडवणारे. साधारण अकरा वाजता आत मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत सुरू झालं की वेदीपासून गाड्यापर्यंत बांधलेल्या तारेवरून एक यांत्रिक कबुतर ठिणग्या उडवत सुसाट येतं, गाड्यातली शोभेची दारू पेटवतं आणि परत आत जातं. मग वीसेक मिनिटं नुसता धडधडाट. कबुतर नीट परत पोचलं तर वर्ष आणि पीक चांगलं जाणार असं मानतात. यामागची कथा अशी, की १०९९ मध्ये जेरुसलेमच्या लढाईत पाझ्झी घराण्यातला एक फ्लोरेन्सकर भिंतीवर पहिला चढला आणि बक्षीस म्हणून त्याला येशूच्या कबरीच्या जागेवरचे तीन गारगोटीचे तुकडे मिळाले, त्यांच्या ठिणगीने दरवर्षी ईस्टरचा अग्नी पेटवतात. हेच पाझ्झी घराणं पुढे १४७८ मध्ये याच कॅथेड्रलमध्ये, मिस्सा चालू असताना, शहरावर सत्ता चालवणाऱ्या मेदिची घराण्यातल्या दोन भावांवर खुनी हल्ला करण्यात पुढे होतं, धाकटा भाऊ जागीच मेला, पाझ्झींची शहरातून नावनिशाणी पुसायचा प्रयत्न झाला, पण गाडा राहिला. नऊच्या आधी पोचलात तरच काही दिसेल, आणि लहान मुलांच्या कानांना आवाज फार होतो.

गर्दी नको असेल तर रोमच्या पूर्वेला अब्रुत्सोच्या डोंगरात सुल्मोना गाठा. तिथे रविवारी दुपारी काळ्या शोकवस्त्रातली मारियेची मूर्ती चौकात हळूहळू आणतात, दूरवर कबरीतून उठलेल्या येशूची मूर्ती दिसते, तशी खांद्यावर घेणारी माणसं एकदम धावत सुटतात, काळं वस्त्र गळून पडतं, खाली हिरवा पोशाख, आणि कबुतरं उडतात. हे सगळं काही क्षणांत होतं. ते वस्त्र नीट पडलं नाही तर गावाला अपशकुन वाटतो, म्हणून धावणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरा असतो.

सोमवार म्हणजे पास्क्वेत्ता. इटलीत म्हण आहे की नाताळ घरच्यांबरोबर, ईस्टर हवा त्याच्याबरोबर, आणि सोमवारी तर सगळे मित्रमंडळी घेऊन डबा बांधून शहराबाहेर जातात, बागा, समुद्र, तळी सगळं भरतं. शहरातल्या बस सुट्टीच्या वेळापत्रकाने, म्हणजे कमी धावतात. रोम-फ्लोरेन्स वेगवान ट्रेनने दीड तास, रोम-नेपल्स सव्वा तास, पण ही तिकिटं आधी काढलेली हवीत, नाहीतर भाव दुप्पट-तिप्पट दिसतो. व्हेनिस सोमवारी टाळा असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी, दिवसा येऊन जाणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे, ५ युरो, २०२५ पासून ऐनवेळी भरलं तर १०. व्हेनिसमध्येच मुक्काम असेल तर ते माफ, पण माफीची नोंदणी ऑनलाइन करावी लागते, आणि स्वस्त पडतं म्हणून पादुआत राहून अर्ध्या तासाच्या ट्रेनने जात असाल तर तुम्ही पैसे भरणाऱ्यांत. पादुआला मात्र राहाच, कारण तिथल्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास या आठवड्याची अख्खी गोष्ट भिंतींवर काढलीय, यहुदाचं चुंबन, क्रूस, रडणारे देवदूत. तिथेही स्लॉट घ्यावा लागतो, आत सोडायच्या आधी पंधरा मिनिटं हवा स्थिर करायच्या खोलीत बसवतात.

मंगळवारी दोन दिवस बंद असलेलं व्हॅटिकन म्युझियम उघडतं आणि थांबलेली सगळी गर्दी तिथे एकदम येते. तुमचं परतीचं विमान बुधवारी-गुरुवारी असेल तर मंगळवारी तिकडे फिरकू नका, त्यापेक्षा रोमच्याच लॅटरन भागातल्या पवित्र जिन्याकडे जा, येशू याच पायऱ्या चढला असं मानतात, अठ्ठावीस संगमरवरी पायऱ्या, लोक त्या गुडघ्यांवर चढतात, बाजूला साधा जिना आहे तिथून चालत वर जाता येतं.